लाल रेघेच्या आतली बकरी

कोळशाच्या खाणीत मी बारा वर्षं हजेरीच्या खिडकीमागे बसले. वडील नोकरीत असतानाच गेले, त्यांच्या जागी मला घेतलं, आणि रजिस्टर आणि शिक्का माझ्या हाती आला. रोज नागपूरहून कंपनीच्या बसने तासभर जायचं, संध्याकाळी तासभर यायचं. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की डबा पिशवीत नीट आहे ना ते बघायचं, एवढाच काय तो प्रवास. खाणीत काम करते म्हटलं की लोक माझ्या नखांकडे बघायचे. नखं स्वच्छ असायची, मग ते निराश व्हायचे.

मग आमच्याकडे हायवॉलचं मशीन आलं. उघड्या खाणीत वरची माती आणि दगड काढत काढत खाली जातात. एका जागी पुढे खोदणं परवडत नाही. तिथे दगडाची एक सरळ उभी भिंत, म्हणजेच हायवॉल, उरते, पाच-सहा मजली इमारतीएवढी, आणि तिच्या पायथ्याशी कोळशाचा काळा थर आत जाताना दिसतो. हे मशीन त्या पायथ्याशी उभं राहतं, लोखंडी दांड्यांना जोडलेलं कटर त्या थरात सरळ आत घालत नेतं आणि कोळसा बाहेर ओढतं. माणसाने आत जायचं नाही. माणसाने मशीनवरच्या केबिनमध्ये, जाड लोखंडी छताखाली बसायचं आणि पडद्यावर बघत दोन दांडे हलवायचे.

ते कोण हलवणार यासाठी परीक्षा ठेवली. पडद्यावर एक हिरवा ठिपका, तो दोन रेघांच्या मधून न्यायचा. चाळीसेक जण बसले. त्यात मोठमोठे डंपर चालवणारे होते. त्यांनी दांडा असा ओढला की ठिपका पडद्याबाहेरच गेला. हजेरीची यादी घेऊन मी तिथे उभी होते. परीक्षा घेणारे गमतीने म्हणाले, मॅडम, तुम्हीही बसा. मी बसले आणि पहिली आले. त्यांनी माझ्या कागदावर लिहिलं, ‘हात स्थिर, नजर स्थिर, संयम उत्तम’. बारा वर्षं बसमध्ये मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ खेळत होते, हे मी कोणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

डोळे तपासायला धंतोलीत पाठवलं. डॉक्टरांनी सगळं बघितलं, नंबर नाही म्हणाले, फक्त एक काळजी घ्या, पडद्यासमोर फार वेळ बसू नका. मी हो म्हणाले आणि पडद्यासमोर दिवसभर बसायला योग्य असल्याचं त्यांचंच सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडले.

प्रशिक्षण सदरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. शिकवायला झारखंडकडचे एक गृहस्थ आले होते. तेच पुढे आमच्या खाणीचे सेफ्टी ऑफिसर झाले. बारीक अंगाचे, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा हळू की पाठीमागच्या रांगेतले लोक आपोआप पुढे येऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांनी बेकरीतून न कापलेले ब्रेड आणले आणि आम्हा प्रत्येकाला एक ब्रेड आणि एक पेन्सिल दिली. म्हणाले, बाजूबाजूने भोकं पाडा, दोन भोकांच्या मधे भिंत सोडा. भोकं फार जवळ पाडली की मधली भिंत खचते आणि वरचा सगळा ब्रेड बसतो. भोकांच्या मधे कोळशाचा खांब का सोडायचा, हे मला त्या ब्रेडने शिकवलं. ज्याचा ब्रेड बसला त्याने सगळ्यांसाठी चहा आणायचा होता. आमच्या टीममधला फिटर, सहा फुटी माणूस, दोनदा चहा घेऊन आला.

बाकी नियम पंधरा दिवस घोटले. सुरू करण्याआधी मशीनवरच्याच कठड्याच्या वाटेने भोवती एक चक्कर. सकाळी भिंतीची पाहणी, नवी चीर आहे का, सुटा दगड आहे का. सुरू करताना दोनदा हॉर्न. भिंतीपासून ठरावीक अंतरावर जमिनीवर लाल रेघ, तिच्या आत कोणीही पायी जायचं नाही. वॉकीटॉकीवर जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. दुरुस्ती असेल तर आपलं कुलूप लावायचं, वर ‘काम चालू आहे, हात लावू नका’ अशी पाटी अडकवायची, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, “शक हुआ तो लाल बटन. पूछना बाद में.”

घरी याचे परिणाम झाले. स्कूटर मागे घेताना मी दोनदा हॉर्न द्यायला लागले. कुकरपासून चार फुटांवर खडूने रेघ मारली आणि शिटी होईपर्यंत आमच्या ह्यांना तिच्या आत येऊ देईना. आमचे हे एका बँकेत कारकून आहेत, शांत माणूस. मी म्हणायचे, भाजीत मीठ कमी आहे, परत म्हणून दाखवा. ते म्हणायचे, भाजीत मीठ कमी आहे. महिनाभर त्यांनी हे सगळं सोसलं. मग एका रविवारी त्यांनी माझ्या पिशवीतली पाटी बेडरूमच्या दाराला अडकवली, ‘काम चालू आहे, हात लावू नका’, आणि अकरापर्यंत झोपून राहिले. ज्याने लावली त्यानेच काढायची, म्हणून मी बाहेर बसून राहिले. नियम तो नियम.

मशीन चालवायला लागून तीन महिने झाले असतील. हिवाळा होता, ऊन छान पडलं होतं. कटर चांगलं आत गेलेलं. शेजारचं भोक आदल्या दिवशी पूर्ण झालं होतं. पूर्ण झालं की तोंड मातीने बुजवायचं असतं, पण माती ढकलणारा डोझर बंद पडला होता म्हणून ते उघडंच राहिलं होतं. मी पडद्याकडे बघत होते. एका कॅमेऱ्यात मशीनच्या उजवीकडची जागा दिसते, नेहमी रिकामी. त्यात काहीतरी पांढरं चालत आलं. लाल रेघ ओलांडली, थांबलं, रेघेचा वास घेतला आणि पुढे निघालं.

बकरी होती. मी लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, कोळसा वाहणारा पट्टा थांबला, आणि इतकी शांतता झाली की खाली रेघेबाहेर उभा असलेला फिटर वर बघायला लागला. मी वॉकीटॉकीवर सेफ्टी ऑफिसरना कळवलं, मशीन बंद केलं आहे, लाल रेघेच्या आत बकरी आहे.

मग ते म्हणाले, दोहराइए.

मी परत सांगितलं. त्यांनी नियमाप्रमाणे ते परत म्हणून दाखवलं, अगदी गंभीरपणे, बकरी हा शब्द नीट सुटा उच्चारून. हा संवाद खाणभर सगळ्यांच्या वॉकीटॉकीवर ऐकू गेला. नंतर आठवडाभर जो तो मला ‘दोहराइए’ म्हणत होता.

ते येईपर्यंत बकरी शेजारच्या भोकात शिरली होती. मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि रेघेच्या बाहेर टेकणाऱ्या मागच्या शिडीने खाली उतरले. भोकाचं तोंड काळं, कमरेएवढं. आतून खुरांचा आवाज येत होता. मधेच ती तोंडाशी यायची, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघायची आणि परत आत जायची. ऊबदार असावं आत. कोणी त्रास द्यायलाही नव्हतं.

फिटर गावचा माणूस, घरी बकऱ्या असलेला. त्याने हेल्मेटची पट्टी घट्ट केली आणि म्हणाला, “पाच सेकंदात आनतो पाय धरून.” तो निघालासुद्धा. सेफ्टी ऑफिसर त्याच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांचं डोकं फिटरच्या छातीपर्यंत पोचत होतं. हळूच म्हणाले, “पाँच सेकंद में ही गिरता है.” फिटरने भिंतीकडे वर बघितलं, मग त्यांच्याकडे खाली, आणि मागे आला.

मग बकरीला बाहेर बोलवायचे प्रयत्न सुरू झाले. रेघेच्या बाहेरून जे करता येईल ते. कोणी बाभळीची डहाळी आणून फेकली, ती अर्ध्या वाटेत पडली. कोणी टाळ्या वाजवल्या. फिटरने बकरीसारखा आवाज काढला, फार चांगला काढला, आतून उत्तरही आलं. मग सगळेच ओरडायला लागले. हेल्मेट घातलेली, पिवळ्या जॅकेटवाली आठ मोठी माणसं उन्हात रांगेने उभी राहून भिंतीकडे तोंड करून बेंऽ बेंऽ करत होती. सेफ्टी ऑफिसर करत नव्हते, पण हाताने ताल देत होते, हे मी बघितलं.

खाणीच्या मॅनेजरसाहेबांचा सेफ्टी ऑफिसरना फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कटर आत असताना मशीन फार वेळ थांबवलं आणि वरचा थर बसला, तर कटर कायमचं गाडलं जाऊ शकतं. निदान कटर बाहेर ओढून घ्या, ते म्हणाले. एका बकरीसाठी एवढं? सेफ्टी ऑफिसर म्हणाले, ओढायला मशीन सुरू करावं लागेल, जमीन हादरेल, आणि रेघेच्या आत जीव आहे तोवर मशीन सुरू होत नाही. नियमात माणूस म्हटलंय, साहेब म्हणाले. ऑफिसर म्हणाले, नियमात ‘कोणीही’ म्हटलंय. फोन बंद झाला.

तेवढ्यात गेटवरून कळलं की एक बाई आली आहे, बकरी हरवली म्हणते, आत येऊ द्या म्हणते, आणि गार्डचं ऐकत नाही.

मी आणि सेफ्टी ऑफिसर गेटवर गेलो. जवळच्या गावची बाई, पन्नाशीची, पदर खोचलेला, हातात काठी. आता कोणीही म्हणेल, तिला पटकन आत घ्यावं आणि बकरी काढावी. पण बाहेरचा कोणीही माणूस सुरक्षेची माहिती ऐकल्याशिवाय आत येत नाही, आणि आमच्या सेफ्टी ऑफिसरनी हा नियम आजवर कोणासाठी मोडला नव्हता. त्यांनी बाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि टीव्हीवर वीस मिनिटांची फिल्म लावली. फिल्म हिंदीत. मी शेजारी बसून तिला वऱ्हाडीत सांगत होते.

तिने फिल्म अशी मन लावून बघितली की मला लाज वाटली. मी ती बघताना दर वेळी डुलक्या काढते. फिल्म संपली. ऑफिसरनी विचारलं, काही शंका?

“ते भित पडते का?” तिने विचारलं.

मी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, पडू शकते.

“पडू शकते हे तुमाले ठाव हाये, अन् तिच्याच खाली मशीन लावली? काहून?”

हे मी हिंदीत सांगितलं नाही. पण त्यांना समजलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग तिला छत, रोजची पाहणी, रेघ, कॅमेरा असं एकेक समजावून सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होती. शेवटी म्हणाली, म्हणजे रेघेच्या आत कोनीच नाई. कोणीच नाही, मी म्हणाले. “सायेब असला तरी?” साहेब असला तरी.

मग हेल्मेट. ते पदरावर बसेना, म्हणून पदर आत घेऊन बसवलं. पिवळं जॅकेट गुडघ्यापर्यंत आलं. बूट सगळ्यात लहान सात नंबरचे होते, त्यात पुढे कापूस कोंबला. रजिस्टरमध्ये अंगठा नको म्हणाली, सही करते, आणि शाळेतल्यासारखी एकेक अक्षर काढून सही केली. भेटीचं कारण या रकान्यात गार्डने लिहिलं, ‘बकरी’.

आम्ही रेघेशी पोचलो आणि त्याच वेळी मॅनेजरसाहेबांची गाडी आली. साहेब रागात उतरले, कानाला मोबाइल, डोक्यावर काही नाही, पायात कचेरीतले चकचकीत जोडे. बोलत बोलत सरळ भोकाच्या दिशेने चालायला लागले. सेफ्टी ऑफिसरनी तोंड उघडलं, पण आवाज हळू. बाईने काठी आडवी धरली.

“मांगं व्हा सायेब,” ती म्हणाली. “रेघ हाये.”

साहेबांनी खाली बघितलं. एक जोडा रेघेच्या आत होता. त्यांनी तो उचलून बाहेर घेतला.

“अन् डोक्याले काई नाई तुमच्या,” ती म्हणाली. “मले तर यायनं वीस मिनिटं बसोलं.”

साहेब गाडीत जाऊन हेल्मेट घालून आले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मला इथे लिहिलं पाहिजे. आले ते तिच्या शेजारी उभे राहिले आणि विचारलं, आता काय करायचं? तिने माझ्याकडे बघितलं. डबा हाये का वं तुह्यापाशी, तिने विचारलं. मी केबिनमधून आणलेली पिशवी गळ्यातच होती. तिने स्टीलचा डबा घेतला, पोळी-भाजी काढून माझ्या हातात दिली, रिकाम्या डब्यात चार खडे टाकले, झाकण लावलं आणि खुळखुळ वाजवला. तोंडाने काहीच नाही. फक्त डबा.

दोन मिनिटांत बकरी बाहेर आली. सरळ चालत, रेघ ओलांडून आमच्यात. सगळ्यांनी श्वास सोडला. बाईने तिला नीट बघितलं, एकदा पुढून, एकदा मागून, आणि डबा मला परत दिला.

“हे माही नोहे,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, काय?

“माही बकरी पांढरी हाये. हे काळी हाये.”

बकरी खरंच काळी होती. कोळशाच्या भोकात तासभर लोळल्यावर दुसरं काय होणार? फक्त डोळे पिवळे दिसत होते. आम्ही सगळ्यांनी समजावलं. मी म्हणाले, मी पडद्यावर बघितली, आत गेली तेव्हा पांढरी होती. बाई ऐकेना. दुसऱ्याची बकरी मी कशी नेऊ, उद्या भांडण होईल, माझी अजून आतच असेल. आणि ती आत असेल तर मशीन सुरू करता येणार नव्हतं. साहेबांनी सेफ्टी ऑफिसरकडे बघितलं. ते म्हणाले, शक है तो बंद.

शेवटी बकरीला डंपर धुतात तिथे नेलं. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर बोलावला, पाण्याचा जोर कमी केला, आणि फिटरने तिला धरून धुतलं. पहिल्या पाण्याने ती राखाडी झाली. बाई म्हणाली, अजून. दुसऱ्या पाण्याला डाव्या कानावरचा तपकिरी ठिपका निघाला. बाईने पुढे होऊन तो बोटाने चोळला, मग बकरीच्या पाठीत एक धपाटा घातला. तोपर्यंत फिटर इतका काळा झाला होता की त्यालाही तिथेच धुवावं लागलं.

मशीन अडीच तास थांबलं होतं. कुलूप काढलं, चक्कर मारली, दोनदा हॉर्न दिला आणि भीतभीत कटर मागे घेतलं. ते आलं. त्या रात्री घरी जेवताना मी ह्यांना काहीच परत म्हणून दाखवायला लावलं नाही. ह्यांनी विचारलं, मीठ कमी आहे का? मी म्हणाले, नाही, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाहणीत त्या भोकाच्या तोंडाशी एक दगड पडलेला दिसला. फार मोठा नाही, बादलीएवढा. कधी पडला कोणास ठाऊक. फिटर त्याच्याकडे रेघेबाहेरून बराच वेळ बघत उभा होता. मग सेफ्टी ऑफिसरकडे गेला आणि न विचारता त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. डोझर दुपारपर्यंत दुरुस्त झाला. त्यानंतर पूर्ण झालेलं भोक आमच्याकडे त्याच दिवशी बुजवतात, आणि बुजवेपर्यंत पुढचं काम सुरू होत नाही.

अहवाल लिहिताना अडचण आली. छापील फॉर्ममध्ये फक्त ‘अनधिकृत व्यक्ती’ असा रकाना होता, पुढे नाव, वय, हुद्दा. सेफ्टी ऑफिसर कुठलाही रकाना रिकामा सोडत नाहीत. नावापुढे ‘माहीत नाही’, वयापुढे ‘अंदाजे दोन’, हुद्द्यापुढे बराच विचार करून ‘स्थानिक’. वरच्या ऑफिसातून पत्र आलं की सदर स्थानिक व्यक्तीला सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं का. साहेबांनी उत्तर पाठवलं की तिच्या मालकिणीला दिलं होतं.

सुरक्षा सप्ताहात बाईंना पाहुण्या म्हणून बोलवायचं ठरलं, आणि आश्चर्य म्हणजे ते साहेबांनीच सुचवलं. ती आली, नवं लुगडं नेसून. गार्डने तिला गेटवर थांबवलं, कारण आधी ऐकलेल्या सुरक्षेच्या माहितीची मुदत संपली होती. तिने परत वीस मिनिटांची फिल्म बघितली, तेवढ्याच मन लावून. हार घातल्यावर तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक फार जवळ धरून ती म्हणाली, “त्या पिच्चरमधल्या मानसानं शिडीवरून उतरतानी हात सोडला. मांगच्या टायमालेबी सोडला व्हता. त्याले कोनी सांगत काहून नाई?”

सेफ्टी ऑफिसर उठून टीव्हीच्या खोलीत गेले. आम्ही सगळे त्यांच्यामागे. फिल्म लावली, थांबवली, मागे नेली, परत लावली. खरंच, त्या माणसाने हात सोडला होता. इतकी वर्षं हजारो लोकांनी बघितलेली फिल्म, आणि तो दर वेळी हात सोडत होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, दोहराइए. ऑफिसरनी परत लावली. बाई मागे खुर्चीवर बसून हारातली फुलं मोजत होती. तिला घाई होती, बकऱ्या घरीच उपाशी बांधलेल्या होत्या.